चिठ्ठी कोणाच्या नावाने निघाली? संशोधनातल्या या चुका टाळा

"मॅडम, डेटा तयार आहे. फक्त कुठली स्टॅटिस्टिकल टेस्ट लावायची तेवढं सांगा."

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. समोर कधी सर्जरीचा रेसिडेंट असतो, कधी पीकशास्त्रात पीएचडी करणारी मुलगी, कधी जिल्ह्याजिल्ह्यांतली विषमता अभ्यासणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थी. हे तिघं एकमेकांचे पेपर वाचत नाहीत, एकमेकांच्या परिषदांना जात नाहीत. चुका मात्र सख्ख्या बहिणींसारख्या. प्रत्येकाला वेगळं सांगून मी थकले, म्हणून एकदा लिहून ठेवते.

एन फुगवणं

एन म्हणजे अभ्यासातल्या स्वतंत्र नमुन्यांची संख्या. सगळ्यांत जास्त मेहनत ती फुगवण्याच्या या एका चुकीपायी पाण्यात गेलेली मी पाहिली आहे.

एक मुलगी ओलिताच्या तीन पद्धतींची तुलना करून आली होती: ठिबक, तुषार आणि सरी. शेताचे तीन लांब पट्टे पाडले, प्रत्येक पट्ट्याला एक पद्धत दिली, पट्ट्यातल्या चाळीस रोपांना लेबलं बांधली आणि हंगामभर उन्हातान्हात उंची, फुटवे, उत्पादन मोजलं. नोंदवही बघत राहावी अशी होती, एक रकाना रिकामा नाही. एन १२०, पी-व्हॅल्यू (मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ च्या खाली. ती खुशीत होती.

मी चौकटीचा कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, शेत काढून दाखव. तिनं पट्टे काढले. उतार कुठे? तिनं डावीकडे बाण काढला. पाऊस पडला की पाणी कुठं साचतं? पेन्सिल सगळ्यांत डावीकडच्या पट्ट्यावर जाऊन थांबली. तो ठिबकचा पट्टा होता.

"ठिबक याच पट्ट्याला का? चिठ्ठी टाकली होती?"

"नाही मॅडम. मेन पाइप त्या बाजूला होता."

बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. ठिबक मिळालं ते एका पट्ट्याला. त्या पट्ट्यात चाळीस रोपं मोजा नाहीतर चारशे, प्रयोग झाला एकाच पट्ट्यावर. रोपारोपांतला फरक आपल्याला एवढंच सांगतो की त्या पट्ट्याच्या आत किती चढउतार आहेत. दोन पट्टे एकमेकांपासून मुळातच किती वेगळे होते, ते कळायला त्याच पद्धतीचे आणखी पट्टे हवेत. ते नव्हते. ठिबकमुळे उत्पादन वाढलं की खोलगट जमिनीतल्या ओलीमुळे, हे जगातली कुठलीही टेस्ट वेगळं करून देऊ शकत नव्हती.

तिनं पुन्हा एक हंगाम घेतला. उताराला आडवे चार ब्लॉक पाडले, म्हणजे एका ब्लॉकमधले तिन्ही वाफे एकाच पातळीवर आले. प्रत्येक ब्लॉकमध्ये कुठल्या वाफ्याला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आधी ती एररला ११७ डिग्री ऑफ फ्रीडम (योगायोगाचा फरक मोजायला उरलेले स्वतंत्र आकडे) दाखवत होती, आता हातात सहा होत्या. फरक पहिल्याइतका भव्य आला नाही. पण आला, आणि तोंडी परीक्षेत तिला त्यावर कोणी हलवू शकलं नाही.

यात नवं काही नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी हेच मांडलं: पुनरावृत्ती हवी, वाटप चिठ्ठीनं हवं, आणि जमिनीतला फरक ब्लॉक करून बाजूला काढायला हवा. १९८४ मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी परिस्थितिकीतले १७६ प्रयोग तपासले, तर त्यांतल्या २७ टक्क्यांत नेमकी ही खोटी पुनरावृत्ती सापडली. तेही छापून आलेल्या पेपरांत.

आता शेत बाजूला ठेवा आणि ऑपरेशन थिएटरमध्ये या. नवी टाके घालण्याची पद्धत एका सर्जननं वापरली, जुनी दुसऱ्यानं. दोघांचे साठ-साठ रुग्ण. हा फरक पद्धतीचा की हाताचा? इथं पट्ट्याच्या जागी सर्जन आला, एवढाच बदल. किंवा एकाच रुग्णाच्या दोन्ही पायांच्या फुगलेल्या शिरांवर ऑपरेशन करायचं आणि पाय दोन म्हणून एन दोन धरायचा. दोन्ही पायांना रक्त एकच, साखर एकच, सिगारेटही एकच.

अर्थशास्त्रात याचा अवतार मोठा असतो. एका जिल्ह्यात योजना लागू झाली, शेजारच्या जिल्ह्यात नाही, आणि सर्वेक्षण चार हजार घरांचं. विद्यार्थी चार हजारांवर रिग्रेशन (कुठल्या घटकाचा किती परिणाम, ते काढण्याची पद्धत) चालवतो. योजना मिळाली ती जिल्ह्याला, म्हणजे तुलना एकास एक. ब्रेंट मोल्टन यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की राज्य किंवा जिल्हा पातळीवरचा घटक माणसांच्या पातळीवरच्या डेटात घातला आणि गटातल्या माणसांमधलं साम्य हिशेबात धरलं नाही, तर स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातल्या अनिश्चिततेची मापं, फसव्या लहान येतात. हे साम्य अगदी थोडं असलं तरी महागात पडतं. वीस वॉर्ड, प्रत्येकी तीस रुग्ण, एकूण ६००. एका वॉर्डातल्या रुग्णांमधला सहसंबंध फक्त ०.०५ धरा. रुग्णसंख्येला ज्यानं भागायचं तो गुणक येतो १ + २९ × ०.०५, म्हणजे २.४५. तुमचे ६०० रुग्ण आता २४५ रुग्णांइतकीच माहिती देतात.

माझी सवय साधी आहे. कॉम्प्युटर उघडायच्या आधी चौकटीचा कागद आणि पेन्सिल. शेत, वॉर्ड किंवा जिल्हे काढायचे आणि विचारायचं: चिठ्ठी कोणाच्या नावाने निघाली? वाफ्याच्या, सर्जनच्या, रुग्णाच्या की जिल्ह्याच्या? ज्याच्या नावाने निघाली, तेवढाच एन. चिठ्ठी निघालीच नसेल, तर ती पद्धत ज्याला एकगठ्ठा मिळाली तो मोजायचा. या कामाला दहा मिनिटं लागतात. "आधी डेटा घेऊ, मग बघू" म्हणणारे दोन वर्षं देतात.

जिल्ह्याची सरासरी माणसाच्या माथी मारणं

"ज्या जिल्ह्यांत साक्षरता जास्त तिथं अमुक जास्त, म्हणून साक्षर माणसं अमुक करतात." असा निष्कर्ष दिसला की मी विल्यम रॉबिन्सन यांचा १९५० चा पेपर हातात देते. त्यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतले आकडे घेतले. राज्यांच्या पातळीवर पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि साक्षरता यांचा सहसंबंध अधिक ०.५३. एकेका माणसाच्या पातळीवर तोच उणे ०.१२. चिन्हच उलटं. बाहेरून आलेली माणसं मुळात साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत स्थिरावली होती, स्वतः मात्र स्थानिकांपेक्षा कमी साक्षर होती. सरासरीत हे दिसत नाही.

आणि सीमारेषा बदलल्या तर? ओपनशॉ आणि टेलर यांनी १९७९ मध्ये आयोवातल्या ९९ काउंटी वेगवेगळ्या प्रकारे जोडून पाहिल्या. रिपब्लिकन मतं आणि वयस्कर लोकसंख्या यांचा सहसंबंध जोडणीप्रमाणे जवळजवळ उणे एकपासून अधिक एकपर्यंत फिरला. म्हणून जिल्हा पातळीवरचं काम असेल तर निष्कर्षाचं वाक्य "जिल्ह्यांमध्ये" या शब्दानं सुरू करायचं, असा माझ्याकडे नियम आहे. विद्यार्थ्यांना तो जाचक वाटतो. वाटू दे.

थोडक्यात आवरायच्या चुका

तीस रुग्णांत एकही गुंतागुंत झाली नाही म्हणजे ऑपरेशन सुरक्षित, असं लिहू नका. तीनला रुग्णसंख्येनं भागा: खरा दर दहा टक्क्यांपर्यंतही असू शकतो.

पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेली म्हणजे "दोन्ही पद्धती सारख्याच" असं नव्हे. १९७८ मध्ये फ्रायमन आणि सहकाऱ्यांनी "फरक नाही" म्हणणाऱ्या ७१ चाचण्या पुन्हा तपासल्या. त्यांतल्या ५० चाचण्या इतक्या लहान होत्या की उपचारानं पन्नास टक्के सुधारणा झाली असती, तरी ती त्यांच्या हातून निसटू शकली असती.

ऑपरेशननंतर बरं वाटलं, म्हणून ऑपरेशननं बरं केलं? २००२ मध्ये मोझली यांच्या गटानं गुडघ्याच्या संधिवातात १८० रुग्णांवर चिठ्ठीनं वाटप केलं. काहींना दुर्बिणीचं खरं ऑपरेशन, काहींच्या त्वचेवर नुसते छेद. दुखणं दोन्हीकडे सारखंच राहिलं.

एका हंगामाच्या प्रयोगावर वाणाची शिफारस करू नका.

चालू किमतीतलं उत्पन्न दोन वेगळ्या वर्षांत तुलनेला घेऊ नका. मधल्या काळात जिल्ह्याचं विभाजन झालं असेल, तर दोन्ही तुकडे परत जोडून मगच वाढीचा दर काढा.

एक्सेलवर भाबडा विश्वास

सर्जरीचा एक रेसिडेंट जखम भरण्याचा अभ्यास करत होता. विश्लेषण जवळजवळ संपलं होतं. मी सवयीप्रमाणे शीट वरून खाली नुसती वाचत गेले आणि एका ओळीवर थबकले: वय अकरा, ऑपरेशन प्रोस्टेटचं. पुढं आणखी तशाच ओळी. त्यानं वयोगट पाडायला फक्त वयाचा कॉलम निवडून सॉर्ट केला होता. शेजारचे कॉलमही सोबत घ्यायचे का, असं एक्सेलनं विचारलं होतं, त्यानं घाईत नको म्हटलं. वयं चढत्या क्रमानं लागली, बाकी सगळं जागच्या जागी. प्रत्येक रुग्णाला दुसऱ्याचं वय चिकटलं, आणि त्याच फाइलवर तो रोज सेव्ह करत गेला. मूळ प्रत नव्हती. रेकॉर्ड रूममधून केसपेपर परत काढून एकेक वय भरायला तीन आठवडे गेले. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

हे फक्त नवख्यांचं होत नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या पेपरात एक्सेलच्या सूत्रानं पाच देशांच्या ओळी धरल्याच नव्हत्या. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं त्यांची शीट मागवून घेतली तेव्हा ते कळलं. त्यासोबत काही वर्षं वगळणं आणि देशांना वजन देण्याची पद्धत हेही दुरुस्त केल्यावर, जास्त कर्ज असलेल्या गटाचा सरासरी वाढदर उणे ०.१ वरून २.२ टक्के झाला. पिकांच्या प्रयोगात "३-४" असा ब्लॉक आणि वाफ्याचा कोड टाकला की एक्सेल त्याची तारीख करून मोकळा होतो. जनुकांच्या नावांची अशी इतकी वाताहत झाली की २०२० मध्ये मानवी जनुकांची काही नावंच बदलावी लागली.

मी काय करते: कच्ची फाइल आली की ती केवळ वाचण्यापुरती कुलूपबंद, एक प्रत पेन ड्राइव्हवर. कोडमध्ये अक्षर आधी, ब३वा४ असं. सॉर्ट, गाळणं, नवे कॉलम, सगळं स्क्रिप्टमध्ये (कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या आज्ञांच्या फाइलमध्ये), म्हणजे काय केलं ते उद्याही वाचता येतं. आणि रोज वीस ओळी मूळ कागदाशी ताडून बघायच्या, डोळ्यांनी. वेळखाऊ आहे, मान्य. हे टाळायची युक्ती मला कोणी विचारली की मी देत नाही.

डेटा आधीच गोळा झाला असेल तर

वाफे पुरेसे असतील तर प्रत्येक वाफ्याची सरासरी काढा आणि विश्लेषण सरासरीवर करा. रुग्णाच्या दोन्ही पायांवर वेगवेगळी पद्धत वापरली असेल तर जोडीची टेस्ट लावा. अशा वेळी दोन पाय हेच त्या अभ्यासाचं बळ असतं. गट वीसेक किंवा जास्त असतील तर मिश्र मॉडेल (गटागटांतला आणि गटाच्या आतला फरक वेगवेगळा धरणारं) चालेल. एकास एक तुलना असेल तर पी-व्हॅल्यू काढूच नका, वर्णन करा.

दोन सर्जनांच्या टाक्यांचा वर सांगितलेला अभ्यास करणारा रेसिडेंट असाच अडकला होता. आम्ही शीर्षकातून "तुलना" काढलं आणि "दोन सर्जनांचा अनुभव" घातलं. सगळे पी-व्हॅल्यूचे रकाने खोडले, गुंतागुंतीची प्रत्येक केस नीट लिहिली. गाईड आधी नाराज होते. परीक्षकांनी मात्र केसेसचं ते प्रकरण पान उलटत उलटत पूर्ण वाचलं, आणि पुढच्या अभ्यासात चिठ्ठी कशी टाकणार, यावरच अर्धा तास बोलले.