घरच्या गॅसवर पॅड थाय: नूडल्स उकळू नका

पॅड थाय, म्हणजे थायलंडच्या परतलेल्या राइस नूडल्स. हे बिघडतं ते बहुतेक वेळा सॉसमुळे नाही, नूडल्समुळे. पाकिटावर 'उकळत्या पाण्यात ५ मिनिटं' असं काही लिहिलेलं असेल, तर तिकडे दुर्लक्ष करा.

दोघांसाठी ३ ते ५ मिलिमीटर रुंदीच्या चपट्या राइस नूडल्स, सुक्या १५० ग्रॅम. त्या साध्या गार पाण्यात ४० ते ६० मिनिटं बुडवून ठेवा. बोटाभोवती सहज गुंडाळता आली, पण चावल्यावर मध्ये कच्ची लागली, की नूडल तयार. लगेच निथळा. उरलेलं शिजणं कढईत सॉस पिऊन होतं. आधीच उकळलेली नूडल सॉस पीत नाही. ती तुटते, चिकटते आणि वर सॉस नुसता माखलेला राहतो.

सॉस सोपा: चिंचेचा घट्ट कोळ ३ मोठे चमचे, ताडगूळ ३, फिश सॉस २. गूळ विरघळेपर्यंतच गरम करा. गोव्यातला माडाचा गूळ चालतो, रंग मात्र काळपट येतो. बरणीतला काळा चिंच अर्क फार आंबट असतो, तो एक लहान चमचा घेऊन पाण्यात कालवा. सोया सॉस आणि केचप नको.

आता कढई. घरच्या गॅसवर एका वेळी एकच प्लेट करा, याला पर्याय नाही. दोन प्लेटांचा ऐवज एकदम टाकला की कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी सगळं वाफेवर शिजून लगदा होतो. सॉसही निम्मा निम्मा वापरा.

कढई कडकडीत तापवून दोन चमचे तेल. कोलंबी अर्धवट परतून बाजूला काढा. त्याच तेलात लसूण, छोटे कांदे, घट्ट टोफूचे तुकडे, भिजवून चिरलेले सोडे आणि मिळाला तर खारवलेला मुळा. लसूण रंगायला लागला की नूडल्स, त्यावर सॉस आणि दोन चमचे पाणी. मोठ्या आचेवर सतत हलवत राहा. सॉस आटला तरी नूडल कडक लागली तर पाणी घाला, पण एका वेळी एकच मोठा चमचा. इथे तेल ओतणं ही हमखास चूक: नूडल तेलकट होते, शिजत नाही. उलट ती मऊ झाली आणि तळाशी रस उरला असेल, तर ढवळणं कमी करून आच वाढवा.

नूडल्स एका कडेला सारा, रिकाम्या जागी अंडं फोडा, अर्धवट घट्ट झालं की मिसळा. कोलंबी परत टाका. गॅस बंद करून मुगाचे लांब पांढरे मोड आणि लसणीची किंवा कांद्याची पात घाला. उसळीसाठी आणलेले आखूड मोड चालणार नाहीत, ते कच्चट लागतात.

वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट, लिंबाची फोड आणि तिखटाची चिमूट. पहिली प्लेट वाढा, कढई पुसा आणि दुसरी लावा. ती होईपर्यंत पहिलीवाल्याने थांबू नये, हे खाणं गार झालं की चिकट होतं.