झटक्याने तुटणारा धातू: चाचणी आणि तपासात या चुका टाळा

यूटीएमवर (नमुना ओढून किंवा दाबून ताकद मोजणारे यंत्र) सावकाश ओढून मिळवलेला आलेख आघाताच्या गणितात जसाच्या तसा घालणे, ही सर्रास होणारी चूक. तिथे स्ट्रेन रेट, म्हणजे आकार बदलण्याचा वेग, सेकंदाला 0.001 च्या आसपास असतो. जोरदार आघातात तो 1000 च्या पुढे जातो. त्या वेगात माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला आकार कायमचा बदलू लागतो तो) दुपटीच्या आसपास पोहोचते, 6061 अ‍ॅल्युमिनियमची मात्र किरकोळच वाढते. एका धातूचा गुणक दुसऱ्याला लावू नका.

याहून घातक म्हणजे उष्णता विसरणे. धातूचा आकार कायमचा बदलताना खर्ची पडलेल्या ऊर्जेचा बहुतेक भाग, ढोबळमानाने 90 टक्के, उष्णता होतो. टायटॅनियमचा 6-4 मिश्रधातू घ्या. 1200 मेगापास्कलला 20 टक्के दाबला, तर तापमान 85 अंशांच्या आसपास चढते. स्ट्रेन रेट सेकंदाला 1000 असेल, तर हे सगळे 200 मायक्रोसेकंदांत उरकते आणि तेवढ्यात उष्णता जेमतेम 25 मायक्रॉन सरकते. जिथे थोडे जास्त तापले, तिथेच धातू मऊ पडतो. मऊ पडला म्हणून तिथेच आणखी सरकतो आणि आणखी तापतो. हाच अ‍ॅडियाबॅटिक शिअर बँड. बाकीचा धातू जवळपास तसाच राहिल्याने तुकडा हातात घेणारा ‘माल ठिसूळ होता’ म्हणून मोकळा होतो. माझ्या मते तपासातली ही सर्वांत अन्यायकारक चूक आहे, कारण दोष नसलेला माल नाकारला जातो. आधी छेद घ्या, पॉलिश करून एच करा, म्हणजे रसायनाने पृष्ठभाग किंचित कोरून आतली रचना उघडी करा. स्टीलमध्ये बारीक पांढरा पट्टा दिसला, तर त्यावर आणि शेजारी मायक्रोहार्डनेस (अगदी छोट्या जागेची कठीणता) मोजा. पट्टा बहुधा जास्त कठीण निघतो.

हॉपकिन्सन बारच्या (लांब दांड्यांतून तरंग पाठवून नमुन्याला झटका देणारी चाचणी) आलेखाच्या सुरुवातीच्या चढावरून इलॅस्टिक मॉड्युलस (धातूचा ताठरपणा) काढू नका. स्टीलमध्ये तरंग सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर धावतो. 5 मिलिमीटरच्या नमुन्यात दोन्ही टोकांचे बल सारखे होण्याआधी त्याला अनेक फेऱ्या माराव्या लागतात. दोन्ही बलांचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहा. जुळत नसतील तर नमुना आखूड करा किंवा तांब्याचा पल्स शेपर (तरंगाचा चढ सौम्य करणारी छोटी चकती) लावा. टोकांना ग्रीस हवेच, नाहीतर घर्षणच ताकद म्हणून मोजले जाते.

आणि तडा फक्त मार बसलेल्या बाजूला शोधू नका. दाबाचा तरंग मागच्या मोकळ्या पृष्ठभागावरून ओढ बनून परततो आणि प्लेट आतून, मागच्या बाजूजवळ फाटते. हा स्पॉल बाहेरून दिसेलच असे नाही. प्लेट कापून किंवा अल्ट्रासोनिक तपासणी करून पाहा.