पहिली गृहभेट: जीप वेशीवरच सोडा

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समाजसेविका म्हणून मला बारा वर्षं झाली. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून नव्याने लागलेल्यांना ओपीडीतलं काम लवकर जमतं. घोडं अडतं ते रुग्णाच्या पहिल्या गृहभेटीला, म्हणून हे लिहितेय.

सरकारी जीप घरापर्यंत नेऊ नका. मी पहिल्याच वर्षी नेली होती. दहा मिनिटांत अख्खी आळी दारात. त्या घरातल्या थोरल्या मुलीची सोयरीक जमत आली होती, ती फिसकटली. तिची आई मला एका शब्दानं बोलली नाही, पण पुन्हा दारही उघडलं नाही. तेव्हापासून जीप वेशीवर ठेवते आणि गावातल्या आशाताईंना (आशा कार्यकर्तीला) सोबत घेऊन चालत जाते. कुणी हटकलंच तर बीपी बघायला आलोय म्हणते. ते खोटं ठरू नये म्हणून यंत्र पिशवीत असतं, आणि घरातल्या म्हातारीचं बीपी खरंच बघते.

आत गेल्यावर आधी जो आजारी आहे त्या माणसाशी बोला. तो समोर बसलेला असतानाच घरचे सुरू करतात, "हा काहीच करत नाही हो मॅडम." त्यांना "काकू, तुमच्याशी मागनं निवांत बोलते" म्हणून थांबवा. आजाराचं नाव काढू नका. "रात्री झोप कशी लागते?" या प्रश्नाचा सहसा कुणाला राग येत नाही. झोपेवरून जेवण, जेवणावरून कामधंदा, आणि मग "एकटे असताना कुणी बोलल्यासारखं ऐकू येतं का?" इथवर हळूहळू पोचता येतं.

मरणाबद्दल विचारायला नवखे कचरतात. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. सरळ विचारा: "जीव नकोसा होतो का? काही करून घ्यावंसं वाटतं?" हो म्हणाला, तर घरच्यांना विचारा की फवारणीचं औषध कुठे ठेवता. आमच्याकडे ते बहुधा पडवीत, पंपाशेजारी उघडंच असतं. तुम्ही निघायच्या आत ते घराबाहेर, भावकीत कुणाकडे तरी कुलपात गेलं पाहिजे. डॉक्टरांना तिथूनच फोन करा, माणसाला एकटं सोडू नका असं बजावा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्यांच्या मोबाइलमध्ये स्वतः सेव्ह करून द्या. तो फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

"गोळ्या चालू आहेत ना?" याला उत्तर ठरलेलं असतं, हो. त्यापेक्षा "गोळ्यांचा डबा बघू" म्हणा. एका घरी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तीन महिन्यांची पाकिटं निघाली, आणि दर पाकिटातल्या पहिल्या चारच गोळ्या संपलेल्या. पोरगा नाठाळ नव्हता. चार दिवस गोळी घेतली की त्याला पहाटे जाग येईना, धारा काढायला उशीर व्हायचा आणि डेअरीची गाडी निघून जायची. डॉक्टरांना हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी औषध बदललं, वेळही बदलली. आपण मात्र परस्पर अर्धी गोळी सुचवायची नाही. कुणी आई चहातून गुपचूप गोळी देत असेल, तर तिच्यावर डाफरू नका. भीतीपोटी करते ती. पण पोराला कळलं तर तो घरचं जेवणसुद्धा टाकेल, हे बाजूला घेऊन सांगा.

देवरुषाचा विषय निघाला तर मी वाद घालत नाही. अंगारा लावा, गोळी चुकवू नका, एवढंच. बांधणं-मारणं दिसलं तर मात्र तिथं गोड बोलणं संपलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे, आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे.

कागदांचं काम पहिल्या भेटीत काढू नका, पण डोक्यात ठेवा. आजार जुना असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. त्यावर ४० टक्के दिव्यांगत्व लागलं तर पुढे संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलला अर्ज करता येतो. उत्पन्नाचा दाखला लागतोच. गोची अशी होते की तपासणीच्या दिवशी घरचे त्याला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आणतात आणि तो डॉक्टरांना "मी बरा आहे" सांगतो. टक्के घसरतात. तिथे स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं आणि काम या चार गोष्टी बघतात. म्हणून प्रत्येक भेटीत लिहून ठेवा: अंघोळ कोण घालतं, बाजारात एकटा जातो का, पैसे मोजता येतात का. जुने केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवायला सांगा. पावसाळ्यात हमखास भिजतात.

चहा आला तर प्या. निघताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पुढच्या भेटीची तारीख त्याच्याच हातानं लिहून घ्या. आणि त्या दिवशी एसटी बंद असली, मीटिंग लागली, तरी निदान फोन करा. तो सकाळपासून ओट्यावर बसलेला असतो.