सोलरला जमीन द्यायचीय? आधी सातबारा नीट वाचा

शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्प उभारणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं मिळतं, म्हणून माळरान द्यायला बरेच जण तयार आहेत. पण इसार घेण्याआधी सातबाऱ्यावरचा 'भोगवटादार वर्ग' बघा. वर्ग १, म्हणजे हस्तांतरणाला बंधन नसलेली जमीन, असेल तर सोपं. वर्ग २ म्हणजे इनाम, वतन, सरकारने वाटप केलेली जमीन. तिथे सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आधी, करार नंतर. एजंट उलटं सांगतात, ऐकू नका.

'इतर हक्क' रकानाही वाचाच. उजनी धरणाच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनाचा (जमीन धरणग्रस्तांसाठी राखीव असल्याचा) शेरा कधी कधी तिथेच सापडतो (पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाहिलेला नसतो). नान्नज, मोहोळ, करमाळ्याकडे तुमचा जमिनीचा गट माळढोक अभयारण्यात किंवा त्याच्या संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे वन विभागाकडून लेखी घ्या.