कुंडीतल्या मोगऱ्याची घरात छाटणी करताय? या चुका टाळा

खिडकीजवळ ठेवलेला मोगरा वर्षभरात नुसता काड्यांचा होतो, खाली बुंधा उघडा, वर शेंड्याला चार पानं, फुलाचा पत्ता नाही, मग कुणीतरी सांगतं की छाट म्हणजे फुलेल, आपण कात्री घेतो, अर्ध्यावर आणतो आणि पुढे दोन महिने झाड तसंच उभं राहतं. माझ्या पहिल्या मोगऱ्याचं अगदी हेच झालं आणि ते झाड गेलं, अजून वाईट वाटतं. छाटणी मी बरोबर जागी केली होती, पण कुंडी खिडकीपासून चांगली सहा फूट आत होती. पानं कापली म्हणजे झाडाचं अन्न बनवायचं साधन कापलं, आता नवीन फुटवा काढायचा तर साठवलेल्यातून काढायचा, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात साठवलेलं असतं कुठे?

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, प्रकाश न बघता छाटणं. बाहेरच्या झाडाला जास्त छाटलं तरी ते भरून काढतं, घरातल्याला तेवढी सवलत नसते. आधी काडी हातात घेऊन बघा, पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतर म्हणजे पेर. खालची जुनी पेरं आखूड आणि वरची नवी लांबच लांब, पानं पातळ आणि फिकट, काडी खिडकीकडे झुकलेली, असं असेल तर झाड उजेडाच्या मागे धावतंय. त्याला छाटून परत तिथेच ठेवलं तर नवा फुटवा पण तसाच लांबडा येणार. मोगऱ्याला भरपूर फुलायचं तर रोज 4 ते 6 तास थेट ऊन लागतं. आधी कुंडी उजेडात न्या, एका दिवसात नको, आठवडा-दीड आठवडा घेऊन हळूहळू सरकवा कारण सावलीत वाढलेली पानं एकदम उन्हात भाजतात. तिथे दोन-तीन आठवडे राहू दे, शेंड्याला नवीन फूट दिसली की मग कात्री. ऊन येणारी खिडकीच नसेल तर ग्रो लाईट, म्हणजे झाडं वाढवायचा खास दिवा लावा, दिवसाला 12 ते 14 तास, आणि तो झाडाच्या जवळ हवा, छताला लावलेला नाही.

दुसरी चूक वेळेची, आणि इथे आपल्याकडे नेमकं कुठलं झाड आहे ते माहीत असायला हवं. मोगरा नवीन फुटव्यावर फुलतो, त्यामुळे मोठी छाटणी थंडी संपताना, वाढ सुरू व्हायच्या जरा आधी, आणि मग फुलांचा प्रत्येक बहर ओसरला की हलकी छाटणी. पण घरात ठेवायला म्हणून रिंगवर गुंडाळलेली एक वेल मिळते, कळ्या गुलाबी, फुलं पांढरी, घोसाने येतात, ती जस्मिनम पॉलिअँथम. तिचं उलटं आहे, ती आधीच्या हंगामात वाढलेल्या काड्यांवर फुलते. तिला फुलं संपल्यावर लगेच छाटायचं, थंडीच्या तोंडावर छाटलं तर येणारी सगळी फुलं कात्रीने गेली समजा. आणि कापल्यावर पांढरा चीक आला तर ती जस्मिन नाहीच, बहुतेक स्टार जस्मिन म्हणून विकतात ती कण्हेरीच्या कुळातली वेल असणार. तिलाही फुलं झाल्यावरच हात लावा, आणि चीक हाताला लागू देऊ नका. बटमोगऱ्याची गोष्ट थोडी वेगळी, भरगच्च पाकळ्यांच्या या जाती मुळातच सावकाश वाढतात, त्यांचे फक्त शेंडे आणि वाळकं काढा, खोलवर जाऊ नका.

आता प्रत्यक्ष काप कुठे घ्यायचा. काडीवरून बोट फिरवलं की गाठ लागते, तिथे पानांची जोडी समोरासमोर असते (कधीकधी मोगऱ्याला एका गाठीवर तीन पानंही असतात) आणि पानाच्या बेचक्यात मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसतो, तो डोळा. काप त्या गाठीच्या साधारण 5 मिलिमीटर वर. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, शेंडा गेला की गाठीवरचे दोन्ही डोळे जागे होतात, एका काडीच्या दोन होतात आणि झाड भरतं. पेराच्या मधोमध कापलं तर वरचा तुकडा वाळून काळा पडतो आणि कधी ती वाळ गाठीच्या खालीही उतरते, अगदी गाठीला चिकटून कापलं तर डोळाच जखमी होतो. घरातली कागद कापायची कात्री नको, ती काडी चिरडते, टोक चपटं होऊन तपकिरी पडतं. धारदार सिकेटर (झाडं छाटायची खास कात्री) घ्या, पाती आधी स्पिरिटने पुसा, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत पुसा.

किती कापायचं? एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. आधी वाळलेलं, मग बारीक मरतुकडं, मग आत वळून एकमेकांना घासणाऱ्या काड्या, एवढ्यातच बऱ्याचदा कोटा संपतो. फारच लांबलेलं झाड असेल तर दोन-तीन टप्प्यात करा, आणि प्रत्येक काडीवर निदान एकदोन पानांच्या जोड्या राहू द्या. आणि त्याच दिवशी कुंडी बदलून मुळंही छाटायची हा मोह आवरा, महिनाभराचं अंतर ठेवा.

छाटल्यानंतरची चूक जास्त झाडं मारते, असं माझं मत आहे. पानं कमी झाली म्हणजे झाड पाणीही कमी ओढतं, पण आपण काळजीपोटी रोजचा तांब्या चालूच ठेवतो, घरात ऊन-वारा कमी, माती सुकत नाही, मुळं कुजतात. आठवड्याभरात पानं पिवळी, काडी बुडाशी मऊ आणि काळपट. बोट 2-3 सेंटिमीटर मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. खताचंही तसंच, छाटल्याबरोबर खत देऊ नका, नवीन फूट बोटाच्या पेराएवढी झाली की सुरू करा. आणि नायट्रोजनवालं खत भरमसाट टाकलं की पानंच पानं येतात, फूल नाही.

तरी काही गडबड झालीच तर असं बघा.

महिना झाला, काहीच फुटलं नाही: काडीची साल नखाने हलकी खरवडा. खाली हिरवं ओलं दिसलं तर काडी जिवंत आहे, उजेड वाढवा, पाणी आवरा, थांबा. तपकिरी कोरडं असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली खाली कापत या.

झाड छान भरलं पण फुलं नाहीत: उजेड पुरेसा असेल तर तुम्ही शेंडे सारखे खुडताय का ते आठवा. कळ्या नवीन फुटव्याच्या टोकालाच येतात, दर पंधरा दिवसांनी टोक खुडलं तर कळी येणार कुठून? एकदा-दोनदा खुडा, मग हात आवरा.

कळ्या आल्या आणि गळल्या: कुंडीची जागा बदलली का, माती एकदा कडक सुकून मग भिजली का, एसी किंवा हीटरचा झोत लागतोय का, हे तीन तपासा.

नवीन पानांवर बारीक पिवळे ठिपके, मागे जाळी: कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. घरातल्या कोरड्या हवेत हा फार येतो. पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारून धुवा, काही दिवसांनी परत. गाठीत कापसासारखं पांढरं दिसलं तर मिलीबग, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने एकेक पुसून काढा, कंटाळा करू नका.

छाटलेल्या काड्या टाकून देऊ नका. 10 ते 15 सेंटिमीटरचे, फार कोवळे नाही फार जून नाही असे तुकडे घ्या, खालची पानं काढा, निदान एक गाठ ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) जाईल असे खोचा, वरून पारदर्शक पिशवी घाला आणि उजेडात पण थेट उन्हात नाही असे ठेवा. महिना-दीड महिन्याने हलकेच ओढून बघा, काडी धरून राहिली तर खाली मुळं आली आहेत.