जुन्या लॅपटॉपवर आपल्या गटाचा संवाद-सर्व्हर

पंचवीस-तीस सदस्यांचा ट्रेकिंगचा किंवा वाचनाचा गट स्वतःच्या सर्व्हरवर आणायचा असेल, तर पहिला निर्णय सॉफ्टवेअरचा असतो, आणि बहुतेक हौशी मंडळी इथेच गरजेपेक्षा मोठी उडी घेतात. मॅस्टोडॉन (स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारे समाजमाध्यम) चालवायचे म्हटले की मूळ प्रोग्रॅमबरोबर पोस्टग्रेस व रेडिस हे माहितीसाठे आणि पडद्यामागची कामे उरकत सतत राबणारा साइडकिक असा सगळा सरंजाम मांडावा लागतो. शिवाय बाहेरच्या सर्व्हरांवरील चित्रे आपल्या डिस्कवर साठत जातात आणि ती नियमाने साफ करावी लागतात. गटाला आपापसांत बोलायचे, फोटो पाठवायचे आणि मागचे संदेश चाळायचे एवढेच असेल, तर १९९९ मध्ये जॅबर या नावाने पुढे आलेली आणि २००४ मध्ये आयईटीएफ या इंटरनेटची प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेली एक्सएमपीपी ही संदेशवहनाची पद्धत पुरते. तिच्यासाठी लुआ भाषेत लिहिलेला प्रॉसडी हा सर्व्हर दोन जीबी मेमरीच्या यंत्रावरही आरामात चालतो. पुढील विवेचन डेबियन या लिनक्स प्रणालीवरील प्रॉसडी गृहीत धरून केले आहे.

यंत्र म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक नवा घेण्यापेक्षा घरात पडून असलेला लॅपटॉप मला अधिक पसंत आहे. त्यात एसएसडी बसवता येते, तर पायच्या मेमरी कार्डावर सतत लेखन होत राहिल्यास ते लवकर झिजते. आणि वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी काही काळ साथ देते. झाकण मिटल्यावर यंत्र झोपी जाऊ नये, यासाठी सिस्टमडी या डेबियनमधील सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या लॉगिन व्यवस्थेतील झाकणाची नोंद ‘दुर्लक्ष’ या अर्थाच्या पर्यायावर ठेवावी. सतत पूर्ण चार्जवर राहणारी बॅटरी फुगण्याची शक्यता असते, म्हणून ज्या लॅपटॉपमध्ये सोय आहे त्यात चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास बांधावी, आणि फुगलेली बॅटरी दिसल्यास ती काढून टाकावी. इथे काटकसर नको. सरासरी १० वॅट घेणारे यंत्र महिन्याला सुमारे ७ युनिट वीज खाते. मात्र लॅपटॉप चालू राहिला आणि फायबरचा डबा व राउटर बंद पडले तर उपयोग शून्य, त्यामुळे ही दोन्ही उपकरणे घरच्या इन्व्हर्टरवर किंवा राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर घ्यावीत.

खरी अडचण बाहेरून घरापर्यंत पोहोचण्याची आहे, आणि सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वीच ती तपासून पाहावी. भारतातील अनेक घरगुती जोडण्यांना इंटरनेटवरील स्वतंत्र आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) पत्ता मिळत नाही. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कंपनी अनेक ग्राहक बसवते, ज्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात, किंवा टिंबाआधीचा पहिला आकडा नेमका १० असलेला दिसला, तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणे) कितीही केले तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकणार नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घेणे हा सर्वांत सरळ उपाय होय. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळत असल्यास तेही चालते, पण राउटरची भिंत (फायरवॉल) त्या बाजूने उघडावी लागते, आणि ज्या सदस्याच्या कार्यालयात फक्त आयपीव्ही४ आहे तो दुपारभर गटाबाहेरच राहतो.

तिसरा मार्ग म्हणजे एक छोटा व्हीपीएस (डेटा-सेंटरमधील आभासी सर्व्हर) भाड्याने घेऊन त्याच्यापासून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन साधनाचा बोगदा टाकणे. बोगद्याची सुरुवात घरच्या यंत्राने करायची आणि दर २५ सेकंदांनी एक संकेत पाठवत राहायचे, म्हणजे सीजीनॅटमधील वाट बुजत नाही. व्हीपीएसवर ५२२२ (सदस्यांच्या अ‍ॅपसाठी), ५२६९ (इतर सर्व्हरांसाठी) आणि ५२८१ (फोटो व फाइलींसाठी) ही पोर्ट जशीच्या तशी आत ढकलावीत; सांकेतिकरण (एन्क्रिप्शन) तिथे उलगडू नये, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची खाजगी किल्ली घरीच राहते. येथे एक बारकावा आहे. व्हीपीएसने येणाऱ्या जोडणीचा मूळ पत्ता बदलून स्वतःचा लावला, तर घरच्या सर्व्हरला सगळे सदस्य एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, आणि चुकीचे पासवर्ड मोजून पत्ते अडवणारे एखादे साधन बसवलेले असेल तर एका विसराळू सदस्यापायी अख्खा गट बाहेर फेकला जातो. ते टाळण्यासाठी मूळ पत्ता कायम ठेवावा आणि घरच्या यंत्राचे उत्तरही बोगद्यातूनच परत जाईल अशी मार्गव्यवस्था करावी.

प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत मिळते आणि ते जास्तीत जास्त ९० दिवसांचे असते. मुख्य डोमेनबरोबर गटकक्षांचे व फाइलींचे उपडोमेनही त्यात घालावे. नूतनीकरण आपोआप होते, पण नवे प्रमाणपत्र प्रॉसडीच्या हाती देण्याची पायरी वेगळी लिहावी लागते, आणि ती राहिली की जुन्याची मुदत संपताच सर्वांची अ‍ॅप एकदम रुसतात. मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणे लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले आहे, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवणारी स्वतःची काही सोय हवीच.

प्रॉसडीची मूळ मांडणी सावध आहे. खुली नोंदणी बंदच ठेवावी आणि सदस्यांना निमंत्रणाच्या दुव्याने आणावे, अन्यथा काही दिवसांत स्पॅमवाल्यांची खाती दिसू लागतात. संदेशसंग्रहाची मूळ मुदत एक आठवडा आणि पाठवलेल्या फाइलीची कमाल मर्यादा १० एमबी असते. या दोन्ही गोष्टी गटाशी बोलून ठरवाव्यात. अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स आणि आयफोनवर मोनल ही अ‍ॅप चांगली आहेत. दोघांच्या खाजगी संभाषणासाठी ओमेमो ही टोकापासून टोकापर्यंतच्या सांकेतिकरणाची पद्धत वापरल्यास मजकूर सर्व्हर चालवणाऱ्यालाही वाचता येत नाही, मात्र कोण कोणाशी केव्हा बोलले हे त्याला दिसते, आणि ही गोष्ट सदस्यांना आधीच स्पष्ट सांगितलेली बरी. सर्व्हरमध्ये दुरून शिरण्यासाठी फक्त किल्लीची (एसएसएच की) पद्धत ठेवून पासवर्ड बंद करावा.

बॅकअपमध्ये प्रॉसडीचा डेटा, त्याची मांडणीची फाइल आणि प्रमाणपत्रे एवढेच घेतले तरी पुरते. रेस्टिक हे साधन ते सांकेतिक स्वरूपात दुसऱ्या डिस्कवर आणि घराबाहेरच्या एका जागी रोज रात्री पाठवू शकते. त्याचा पासवर्ड त्याच लॅपटॉपवर तेवढा लिहून ठेवला, तर डिस्क गेल्यावर बॅकअपही गेल्यातच जमा आहे. दर काही महिन्यांनी दुसऱ्या यंत्रावर तो प्रत्यक्ष उतरवून, त्यावर एक खाते उघडून पाहावे. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा तरी भरवसा नसतो.

शेवटी डोमेनचा प्रश्न येतो. सदस्याचा पत्ताच डोमेनवर उभा असल्यामुळे यंत्र बदलले तर कोणाला कळतही नाही, पण डोमेन हातचे गेले तर सगळे पत्ते एकाच दिवशी निकामी होतात. म्हणून डॉट ओआरजीसारखे डोमेन घेताना ते काही वर्षांसाठी एकदम नोंदवावे (कमाल १० वर्षे नोंदवता येते), आणि त्या खात्याची माहिती व सर्व्हरची एक स्वतंत्र किल्ली गटातील आणखी एका जाणकार सदस्याकडे पहिल्या दिवसापासून द्यावी.