बेसबॉल लाइव्ह बघताना फिल्डरने बॉल सोडला तर काय करायचं

वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या फायनलच्या, रात्रीच्या मॅचेस आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आसपास चालू होतात, म्हणजे नाशिकच्या ऑक्टोबरातल्या गारठ्यात उठायचं, चहा टाकायचा आणि घरचे झोपलेत म्हणून आवाज दाबून ओरडायचं. आमचा कॉलेज रोडचा ग्रुप असाच बघतो. सगळे क्रिकेटवर वाढलेले, त्यामुळे बॉल सुटला की तोंडातून तीच शिवी निघते जी गोल्फ क्लब मैदानावर रणजी बघताना स्लिपमधला कॅच सुटल्यावर निघते. तर जरा थांबा.

आधी एरर, म्हणजे फिल्डरच्या नावावर लिहिली जाणारी चूक, आहे का ते ठरू द्या. क्रिकेटच्या स्कोअरकार्डात सुटलेला कॅच कुणाच्या नावावर चढत नाही, इथे चढतो. ऑफिशियल स्कोअरर बघतो की साध्या प्रयत्नात हा बॉल जमायला हवा होता का, हवा होता तर एरर, नाहीतर बॅटरला हिट. म्हणून कोणी जीव तोडून पळत जाऊन डाइव्ह मारली आणि बॉल ग्लोव्हला लागून निसटला तर त्याला बोलू नका, दुसरा तिथपर्यंत पोचलाच नसता. ई ६ दिसलं तर ई म्हणजे एरर आणि ६ हा जर्सीचा नंबर नाही, जागेचा आहे. पिचर (बॉल टाकणारा) १, कॅचर २, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, सेंटर फिल्ड ८.

एरर पक्की झाली की ओरडा, मनसोक्त ओरडा, पण नजर पुढच्या बॅटरवर ठेवा, खरी मॅच तिथे असते. ३१ ऑक्टोबर २०२४, आपली नरक चतुर्दशी, उटणं लावून अंघोळ करून आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो, वर्ल्ड सिरीजची मॅच, डॉजर्सविरुद्ध यांकीज ५-० पुढे. पाचव्या इनिंगमध्ये यांकीजच्या ॲरन जजने सरळ हातात आलेला कॅच सोडला, मग शॉर्टस्टॉप व्होल्पीचा थर्ड बेसकडचा थ्रो खाली पडला, बेस भरले, म्हणजे तिन्ही बेसवर डॉजर्सचे रनर, तरी पिचर गेरिट कोलने पुढचे दोघं स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) केले, त्यातला एक डॉजर्सचा स्टार ओहतानी! वाटलं सुटले. आणि मग डॉजर्सच्या मुकी बेट्सने मारलेला साधा हळू बॉल फर्स्ट बेसमनकडे गेला आणि कोल बेस कव्हर करायला धावलाच नाही, धावला असता तर तिसरा आउट होऊन इनिंग संपली असती. तिथून पाच रन, ५-५, शेवटी डॉजर्स ७-६ ने मॅच आणि सिरीज जिंकले. आता गंमत नाही, नीट लक्षात घ्या, कोलची ती चूक एरर म्हणून लिहिलीच जात नाही, आणि ते पाचही रन त्याच्या खात्यात अनअर्न्ड, म्हणजे पिचरच्या दोषात न धरलेले. माझ्या मते मॅच तिथेच गेली. जजला शिव्या देऊन आम्ही मोकळे झालो होतो आणि ही गोष्ट आमच्यातल्या निम्म्यांनी बघितलीच नाही.

एकाच माणसाच्या डोक्यावर सगळं फोडायचं नाही, याच्यासाठी बॉस्टन रेड सॉक्सचा फर्स्ट बेसमन बिल बकनर माहीत पाहिजे. १९८६ ची वर्ल्ड सिरीज, सहावी मॅच, दहावी इनिंग, बॉल त्याच्या पायांमधून गेला आणि समोरचे मेट्स जिंकले. पण बरोबरी त्याआधीच वाइल्ड पिचवर (पिचरने कॅचरला न पकडता येणारा बॉल टाकला, त्यावर) झाली होती, आणि सातवी मॅच बाकी होती, तीपण रेड सॉक्स हरले. तरी वर्षानुवर्षं लोकांनी त्यालाच धरलं. २००८ मध्ये त्याच बॉस्टनमध्ये त्याला मॅचआधी मानाचा पहिला बॉल टाकायला बोलावलं तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि तो डोळे पुसत होता. बावीस वर्षं लागली हो. प्लेयरच्या अकाउंटवर जाऊन घाण लिहायच्या आधी हे आठवा.

आणि ग्रुपवाल्यांसाठी एक, ज्याचं स्ट्रीम पुढे चालतंय त्याने "सोडला रे" लगेच टाइप करायचं नाही, बाकीच्यांचा बॉल अजून हवेत असतो.